कवटीआडचे रक्त आणि मध्यरेषा : मेंदूच्या आघाताच्या प्रतिमानिदानाचा इतिहास

मानवी कवटी ज्या भक्कमपणाने मेंदूचे रक्षण करते, त्याच भक्कमपणाने मेंदूला झालेली इजा वैद्याच्या नजरेआड ठेवते. हात मोडला तर तो वाकडा दिसतो, पोटात रक्तस्राव झाला तर पोट ताठरते. डोक्याला मार लागून आत रक्त साचू लागले तर मात्र बाहेर कित्येकदा एखाद्या टेंगळापलीकडे काहीच दिसत नाही. प्रौढ माणसाची कवटी ताणून मोठी होऊ शकत नाही, त्यामुळे आत साठणारे रक्त स्वतःसाठी जागा करते ती मेंदूला दाबून आणि बाजूला ढकलून. कानशिलाच्या हाडाला आतून लगटून जाणारी, मेंदूच्या आवरणाला रक्त पुरवणारी धमनी फाटली, तर रोगी मार लागताच थोडा वेळ बेशुद्ध होतो, मग शुद्धीवर येतो, बोलतो, काही तास बराही वाटतो आणि त्यानंतर झपाट्याने खालावतो. या मधल्या शुद्धीच्या काळाला शल्यचिकित्सक ‘ल्युसिड इंटरव्हल’ म्हणतात. मेंदूच्या आघाताच्या प्रतिमानिदानाचा इतिहास हा मोठ्या अंशी या मोजक्या तासांचा उपयोग करून घेण्याच्या धडपडीचा इतिहास आहे. त्याला दुसरी, कमी सुखावह बाजूही आहे: प्रत्येक नव्या यंत्राने इजेचा एक प्रकार उघड केला आणि जो प्रकार त्याला दिसला नाही तो घडलाच नाही असे मानण्याची सवयही त्याबरोबर लावली.

डोक्याच्या इजेचे निदान करण्याची गरज अर्थातच यंत्रांहून फार जुनी आहे. एडविन स्मिथ यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, इसवी सनपूर्व सुमारे १६०० मध्ये नकलून घेतलेल्या इजिप्तमधील पपायरसात ४८ रोग्यांची वर्णने आहेत आणि त्यांपैकी २७ डोक्याच्या जखमांची आहेत. तेथील वैद्य जखमेत बोट घालून हाड फुटले आहे की नाही ते चाचपतो. एकोणिसाव्या शतकाअखेरपर्यंत ही पद्धत तत्त्वतः बदलली नव्हती. जखमेत बोट, नाडीवर हात आणि डोळ्याच्या बाहुलीवर नजर एवढीच साधने होती. एका बाजूची बाहुली विस्फारली तर त्या बाजूला दाब वाढला असावा हा आडाखा पक्का झाला होता खरा, पण बाहुली विस्फारेपर्यंत बहुधा उशीर झालेला असे.

८ नोव्हेंबर १८९५ रोजी व्युर्झबुर्ग येथे विल्हेल्म रंटगेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला आणि अवघ्या काही महिन्यांत हे किरण माणसाच्या डोक्यावर टाकण्याचा विचार सुरू झाला. अमेरिकेतील नॅशव्हिल येथील व्हँडरबिल्ट विद्यापीठात १८९६ च्या आरंभी एका लहान मुलाच्या डोक्यात चुकून घुसलेली गोळी शोधण्याची विनंती भौतिकशास्त्राचे प्राध्यापक जॉन डॅनियल यांच्याकडे आली. मुलावर प्रयोग करण्याआधी तो मोठ्या माणसावर करून पाहावा म्हणून त्यांचे सहकारी विल्यम डडली यांनी आपले डोके पुढे केले आणि सुमारे एक तास किरण घेतले. चित्र काही नीट उमटले नाही; मात्र २१ दिवसांनी, ज्या ठिकाणी नळी धरली होती त्या ठिकाणचे केस गळून पडले. क्ष-किरणांनी शरीराला इजा होते याच्या अगदी पहिल्या नोंदींपैकी ही एक आहे. डोक्याचे चित्र घेण्याची ओढ आणि त्या चित्राची शरीराला मोजावी लागणारी किंमत या दोन्ही गोष्टी इतक्या आरंभीच एकत्र आल्या होत्या, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

कवटीच्या क्ष-किरण चित्राला शास्त्राचे रूप दिले ते व्हिएन्नातील आर्थर श्युलर यांनी. कवटी हा अनेक हाडांचा गुंतागुंतीचा पेटारा असल्यामुळे एका दिशेने घेतलेल्या चित्रात सगळी हाडे एकमेकांवर पडतात आणि रक्तवाहिन्यांच्या खोबणी, हाडांचे नैसर्गिक सांधे व तडे यांची गल्लत होते. कोणत्या कोनातून कोणते हाड सुटे दिसेल हे श्युलर यांनी वर्षानुवर्षे बारकाईने ठरवले आणि १९१२ मध्ये डोक्याच्या रोगांच्या क्ष-किरण निदानावरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. मेंदूच्या मध्यावर असणाऱ्या पिनियल या छोट्या ग्रंथीत वयानुसार चुना साठतो आणि त्यामुळे ती क्ष-किरण चित्रात ठिपक्यासारखी दिसू शकते, याकडेही त्यांनी लक्ष वेधले. मेंदू स्वतः या चित्रात दिसत नसला तरी हा ठिपका मध्यरेषेवरून एका बाजूला सरकलेला आढळला, तर मेंदूला दुसऱ्या बाजूने कशाने तरी ढकलले आहे असा निष्कर्ष काढता येतो. न दिसणाऱ्या रक्ताचा माग त्याने सरकवलेल्या गोष्टीवरून काढायचा, हे तत्त्व पुढच्या शंभर वर्षांत वेगवेगळ्या यंत्रांतून पुन्हा पुन्हा वापरले गेले. स्वतः श्युलर यांना नाझी राजवटीमुळे व्हिएन्ना सोडावे लागले आणि त्यांचे उरलेले आयुष्य ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे गेले.

क्ष-किरण हाडात अडतात, पण मेंदू, रक्त आणि पाणी यांच्यातून जवळजवळ सारखेच पार होतात, ही या पद्धतीची मूळ मर्यादा होती. तिच्यावर तोड सुचवण्यात एका अपघातग्रस्त रोग्याच्या चित्राचा वाटा होता. न्यूयॉर्कचे शल्यचिकित्सक विल्यम लकेट यांनी १९१३ मध्ये एका रोग्याची हकीकत प्रसिद्ध केली. त्याच्या कपाळाचे हाड फुटून बाहेरची हवा आत शिरली होती आणि मेंदूच्या आतील, एरवी द्रवाने भरलेल्या पोकळ्या हवेमुळे क्ष-किरण चित्रात स्पष्ट उमटल्या होत्या. अपघाताने जे घडले ते हेतुपुरस्सर करण्याची पद्धत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील वॉल्टर डँडी यांनी १९१८ मध्ये मांडली: कवटीला छिद्र पाडून पोकळ्यांतील द्रव काढायचा, तेथे हवा भरायची आणि मग क्ष-किरण चित्र घ्यायचे. पुढच्या वर्षी त्यांनी पाठीच्या कण्यातून हवा सोडण्याची पद्धतही दिली. गाठींच्या निदानात या पद्धतींनी क्रांती केली. पण डोक्याला जबर मार लागलेल्या, आधीच कवटीत दाब वाढलेल्या माणसाच्या मेंदूतील द्रव काढून त्याच्या जागी हवा भरणे हे जिवावरचे काम होते.

लिस्बनमध्ये एगास मोनिझ यांनी १९२७ साली मानेतील धमनीत क्ष-किरण अडवणारे द्रव्य सोडून मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे चित्र घेतले आणि अँजिओग्राफीला आरंभ झाला. आघाताच्या दृष्टीने ही पद्धत हवेपेक्षा अधिक कामाची ठरली, कारण कवटी आणि मेंदू यांच्यामध्ये रक्त साचले की रक्तवाहिन्या कवटीपासून आत ढकलल्या जातात आणि मधला पट्टा वाहिन्यांविना मोकळा दिसतो. तरीही प्रत्येक वेळी धमनीत सुई घालावी लागे, तज्ज्ञ माणूस लागे, वेळ लागे. आणि आरंभीच्या काळात लोकप्रिय झालेले थोरोट्रास्ट हे द्रव्य किरणोत्सारी थोरियमचे असल्याने त्याने पुढे कित्येक रोग्यांना कर्करोग दिला. या दोन्ही पद्धतींपेक्षा साधा, आज जवळपास विसरला गेलेला मार्ग स्वीडनमधील लुंड येथे लार्स लेक्सेल यांनी दाखवला. धातूतील दोष शोधण्यासाठी कारखान्यांत वापरल्या जाणाऱ्या श्राव्यातीत ध्वनी त्यांनी कानशिलावरून आत सोडून त्याचा प्रतिध्वनी मेंदूच्या मध्यरेषेवरून परत मिळवला आणि १९५६ मध्ये डोक्याच्या दुखापतीनंतरच्या गुंतागुंती ओळखण्यासाठी या पद्धतीचा अहवाल दिला. पडद्यावर चित्र नव्हते, फक्त एक उंचवटा. तो दोन्ही बाजूंनी सारख्या अंतरावर आला तर मेंदू जागेवर, आणि एका बाजूला सरकला तर विरुद्ध बाजूला रक्त असण्याची शंका. श्युलर यांचा चुन्याचा ठिपका येथे ध्वनीच्या रूपाने परतला होता, आणि तोही रोग्याला न टोचता.

एवढे असूनही १९७० पर्यंत जगातील बहुसंख्य अपघातग्रस्तांच्या वाट्याला आतले रक्त शोधण्याचे एकच साधन येत होते आणि ते म्हणजे बर होल. रोगी खालावला की कवटीला ठरावीक ठिकाणी, प्रथम कानशिलावर आणि मग पुढे-मागे, बोटभर छिद्रे पाडायची आणि रक्त हाती लागते का ते पाहायचे. रक्त दुसऱ्याच ठिकाणी असले किंवा मेंदूच्या आत खोल असले तर छिद्रे कोरडी निघत. सर्वत्र सर्रास काढल्या जाणाऱ्या कवटीच्या एक्स-रेचाही उपयोग मर्यादित होता. १९७१ मध्ये बेल आणि लूप यांनी १५०० रोग्यांचा अभ्यास करून ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये दाखवले की यांतील पुष्कळशा चित्रांची गरजच नव्हती. ग्लासगो येथे ब्रायन जेनेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये मार लागल्यावर बोलू शकत असलेल्या आणि तरीही पुढे दगावलेल्या रोग्यांचा शवविच्छेदनावर आधारलेला अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये छापला. जो माणूस बोलतो त्याच्या मेंदूला मूळ आघाताने प्राणघातक इजा झालेली नसते. त्याचा मृत्यू नंतर घडलेल्या, म्हणजे टाळता येण्याजोग्या कारणाने होतो, हा त्या अभ्यासाचा गाभा होता, आणि यातील बहुतेकांच्या कवटीत न काढलेले किंवा उशिरा काढलेले रक्त सापडले होते. डोक्याच्या दुखापतीच्या उपचारातील अपयशाचे इतके प्रामाणिक परीक्षण वैद्यकाच्या इतिहासात क्वचितच झाले असेल.

या अपयशावरचा उपाय त्याच सुमारास लंडनच्या एका उपनगरात आकाराला येत होता, आणि तो कोणा डॉक्टरला सुचलेला नव्हता. गॉडफ्रे हाउन्सफील्ड हे ईएमआय या कंपनीच्या हेस येथील प्रयोगशाळेतील अभियंते. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी ब्रिटिश हवाई दलात रडारचे काम केले होते आणि विद्यापीठाची पदवी त्यांच्याकडे नव्हती. एखाद्या वस्तूतून अनेक कोनांतून किरण पार केले आणि प्रत्येक वेळी पलीकडे किती किरण पोहोचले ते मोजले, तर त्या आकड्यांवरून वस्तूच्या आतील प्रत्येक बिंदूची घनता गणिताने काढता येईल, अशी त्यांची १९६७ मधील कल्पना होती; तिच्यातूनच पुढे सीटी स्कॅन आला. या प्रश्नाचे गणित दक्षिण आफ्रिकेत जन्मलेले भौतिकशास्त्रज्ञ ॲलन कॉरमॅक यांनी १९६३ आणि १९६४ मध्येच प्रसिद्ध केले होते, पण त्याकडे कोणी फारसे वळून पाहिले नव्हते आणि हाउन्सफील्ड यांनाही ते ठाऊक नव्हते. ईएमआयला बीटल्सच्या तबकड्यांतून मिळालेल्या पैशावर सीटी स्कॅन उभा राहिला ही आवडीने सांगितली जाणारी कथा अर्धवट आहे. या कामात ब्रिटिश सरकारच्या आरोग्य खात्याचा आर्थिक वाटा मोठा होता, आणि त्या खात्याच्या अधिकाऱ्यांना त्याचे श्रेय क्वचितच दिले जाते.

प्रयोगशाळेतील पहिल्या प्रयत्नात एका नमुन्याचे मापन पूर्ण व्हायला ९ दिवस लागले. पुढे क्ष-किरण नळी बसवल्यावर ताज्या मेंदूवर चाचणी घेण्यासाठी बैलांचे मेंदू आणले गेले, तेव्हा एक अडचण आली: कत्तलखान्यात जनावराला आधी बधिर करण्याच्या पद्धतीमुळे मेंदूत रक्तस्राव होत असे आणि चित्र बिघडे, म्हणून ज्यू पद्धतीने कापलेल्या जनावरांचे मेंदू मिळवावे लागले. चाचणीतला जो अडथळा म्हणून टाळला गेला, तो मेंदूतील रक्तस्राव ओळखणे हेच या यंत्राचे पुढे सर्वांत मोठे काम ठरायचे होते.

विम्बल्डनच्या ॲटकिन्सन मॉर्लीज रुग्णालयात क्ष-किरणतज्ज्ञ जेम्स ॲम्ब्रोज यांच्या देखरेखीखाली १ ऑक्टोबर १९७१ रोजी पहिल्या रोग्याचा स्कॅन झाला. रोगी एक स्त्री होती आणि तिला मेंदूच्या पुढील भागात गाठ असल्याची शंका होती. डोके पाण्याने भरलेल्या रबरी टोपीत बसवून, नळी एक एक अंशाने फिरवत १८० कोनांतून प्रत्येकी १६० अशी २८,८०० मापने घेतली जात. ती चुंबकीय फितीवर नोंदून दूरच्या संगणकाकडे पाठवली जात आणि त्यातून ८० गुणिले ८० चौकोनांची प्रतिमा तयार होई. आजच्या डोळ्यांना ती प्रतिमा भरड वाटेल, पण तिच्यात मेंदू दिसत होता. हाडांची सावली किंवा हवेने भरलेली पोकळी यांच्या आधाराने त्याचा तर्क करण्याची गरज उरली नव्हती. एप्रिल १९७२ मध्ये हे काम जाहीर झाले, १९७३ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये यंत्र पोहोचले आणि १९७९ मध्ये हाउन्सफील्ड व कॉरमॅक यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

आघाताच्या निदानात सीटीची कामगिरी एवढी निर्णायक का ठरली याचे उत्तर रक्ताच्या घनतेत आहे. हाउन्सफील्ड यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मापनात पाण्याची घनता ० आणि हवेची उणे १००० धरली जाते. मेंदूची ऊती सुमारे ३० ते ४० च्या आसपास येते आणि ताजे गोठलेले रक्त त्याहून बरेच वर. म्हणून साधे क्ष-किरण चित्र ज्यांच्यात फरक करू शकत नव्हते ते रक्त आणि मेंदू सीटीत वेगवेगळे उमटतात, रक्त पांढरे आणि मेंदू करडा. कवटी आणि बाहेरचे जाड आवरण यांच्यामधील रक्त भिंगासारखे फुगीर दिसते, आवरणाखाली पसरलेले रक्त चंद्रकोरीसारखे, आणि चेचलेल्या मेंदूतील रक्त ठिपक्या-ठिपक्यांनी. धमनी टोचायची नाही, हवा भरायची नाही, कवटीला छिद्र पाडायचे नाही. रक्त आहे की नाही, कोठे आहे, किती आहे आणि त्याने मध्यरेषा किती सरकवली आहे, या चारही प्रश्नांची उत्तरे काही मिनिटांत मिळू लागली. ॲम्ब्रोज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये डोक्याच्या दुखापतींच्या उपचारातील या स्कॅनचा अनुभव मांडला, तेव्हा अंदाजाने पाडायच्या छिद्रांचा काळ मोठ्या रुग्णालयांपुरता संपत आला होता.

वाचवलेल्या वेळेचे मोल किती, हे व्हर्जिनियातील रिचमंड येथील १९८१ च्या अभ्यासाने कठोरपणे दाखवले. आवरणाखाली तीव्र रक्तस्राव झालेल्या ८२ बेशुद्ध रोग्यांपैकी ज्यांची शस्त्रक्रिया दुखापतीनंतर ४ तासांच्या आत झाली त्यांच्यातील मृत्यूचे प्रमाण ३० टक्के होते, आणि ज्यांची नंतर झाली त्यांच्यात ९० टक्के. पण यंत्रे थोडी, महाग आणि मोठ्या शहरांतच होती, म्हणून कोणाला तेथे पाठवायचे हा प्रश्न उभा राहिला. १९७४ मध्ये जेनेट आणि ग्रॅहम टीसडेल यांनी बेशुद्धीची खोली आकड्यात सांगणारी ग्लासगो कोमा स्केल दिली होती. १९८३ मध्ये त्यांच्याच गटाने शुद्धीची पातळी आणि कवटीचा साधा एक्स-रे यांची सांगड घातली. पूर्ण शुद्धीवर असलेल्या आणि कवटी न फुटलेल्या प्रौढाच्या डोक्यात रक्त साचण्याची शक्यता सुमारे ६००० त एक, कवटी फुटली असेल तर ३२ त एक, आणि कवटी फुटून शुद्धीही हरपली असेल तर ४ त एक, असे ते गणित होते. खेड्यातील दवाखान्यातही वापरता येईल असा हा हिशेब होता, आणि यंत्र नसलेल्या ठिकाणी निर्णय कसा घ्यावा याचा तो आजही उत्तम नमुना आहे.

सीटीच्या या यशानेच त्याची मर्यादा ठळक केली. मार लागल्या क्षणापासून खोल बेशुद्ध असणाऱ्या, आणि तरीही ज्यांच्या स्कॅनमध्ये उल्लेखनीय काहीच नाही, अशा रोग्यांचे स्पष्टीकरण कसे द्यायचे? उत्तर सीटीच्या आधीच तयार होते. ऑक्सफर्डचे भौतिकशास्त्रज्ञ होलबर्न यांनी १९४३ मध्ये जिलेटिनच्या प्रतिकृतींवरून दाखवले होते की डोके झटक्याने फिरले की मेंदूचे थर एकमेकांवर घसरतात. आणि सबिना स्ट्रिच यांनी १९५६ मध्ये अपघातानंतर दीर्घकाळ बेभान राहिलेल्या रोग्यांच्या मेंदूत मज्जातंतू दूरवर तुटून झिजल्याचे सूक्ष्मदर्शकाखाली नोंदवले होते. ग्लासगोतील ह्यूम ॲडम्स आणि फिलाडेल्फियातील थॉमस जेनरेली यांनी १९८२ मध्ये या इजेला पक्के स्थान दिले. तिला विखुरलेली तंतुइजा म्हणता येईल. हे तंतू केसाहूनही बारीक असतात आणि त्यांच्या तुटण्याने रक्त फारसे सांडत नाही, म्हणून रक्त पाहणाऱ्या यंत्राला ही इजा बहुधा दिसतच नाही.

ती काही अंशी दाखवली एमआरआयने. पॉल लॉटरबर आणि पीटर मॅन्सफील्ड यांच्या १९७० च्या दशकातील कामातून उभे राहिलेले हे तंत्र शरीरातील हायड्रोजनच्या चुंबकीय वर्तनावर चालते, त्यात क्ष-किरण नाहीत, आणि त्याबद्दल दोघांना २००३ चे नोबेल मिळाले. ऐंशीच्या दशकापासून आघातग्रस्तांवर ते वापरले जाऊ लागले तेव्हा सीटीत निर्दोष दिसणाऱ्या मेंदूत इजेचे डाग सापडू लागले. पुढे रक्तातील लोहामुळे होणारा चुंबकीय बिघाड टिपणाऱ्या पद्धतीने राईएवढे रक्तबिंदू दिसले, आणि पाण्याच्या कणांची तंतूंच्या दिशेने होणारी हालचाल मोजणाऱ्या, पीटर बॅसर यांनी १९९४ मध्ये मांडलेल्या पद्धतीने तंतूंच्या वाटा रेखाटता आल्या. सौम्य समजल्या जाणाऱ्या आघातानंतर सीटी निर्दोष आलेल्या रोग्यांपैकी २७ टक्क्यांच्या एमआरआयमध्ये दोष आढळल्याचे २०१३ मधील एका अमेरिकी बहुकेंद्री अभ्यासाने नोंदवले. केंब्रिजच्या एड्रियन ओवेन यांनी २००६ मध्ये याहून पुढचे पाऊल टाकले: रस्त्यावरील अपघातानंतर पूर्णतः अचेतन मानल्या गेलेल्या एका तरुणीला टेनिस खेळत असल्याची कल्पना करायला सांगितल्यावर तिच्या मेंदूचा हालचालींशी निगडित भाग निरोगी माणसासारखाच उजळला. तरीही तातडीच्या निदानात एमआरआयने सीटीची जागा घेतलेली नाही, कारण तो सावकाश चालतो, रोग्याला निश्चल राहावे लागते आणि धातूची उपकरणे त्या चुंबकाजवळ नेता येत नाहीत. मुष्टियोद्ध्यांना वारंवार लागणाऱ्या माराने होणारा मेंदूचा ऱ्हास हॅरिसन मार्टलँड यांनी १९२८ मध्येच वर्णिला होता. त्याचे खात्रीचे निदान तर आजही शवविच्छेदनाशिवाय होत नाही.

यंत्रे मुबलक झाली तशी उलटी अडचण आली. किरकोळ मार लागलेल्या प्रत्येकाचा स्कॅन होऊ लागला, आणि वाढत्या वयातील मुलांना त्यातून अकारण किरण मिळू लागले. कॅनडातील २००१ चे नियम आणि ४२,४१२ मुलांच्या नोंदींवर आधारलेला २००९ चा अमेरिकी अभ्यास यांनी कोणाचा स्कॅन टाळता येतो ते ठरवून दिले. डडली यांच्या गळलेल्या केसांतून मिळालेला इशारा नियमांच्या रूपाने अमलात यायला शतकभर लागले, हा विलंब वैद्यकाला भूषणावह नाही.

भारतात हा विषय ग्रंथांपुरता राहत नाही. एकट्या २०२२ मध्ये देशात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडल्याची केंद्र सरकारची नोंद आहे. सीटी यंत्रे आता जिल्ह्याच्या गावांपर्यंत पोहोचली आहेत, पण मध्यरात्री आलेला स्कॅन वाचणारा तज्ज्ञ सर्वत्र नसतो. या उणिवेवर मुंबईतील क्युअर डॉट एआय या कंपनीने काम केले. भारतातील केंद्रांमधून जमवलेल्या ३,१३,३१८ स्कॅनच्या आधारे संगणकाला डोक्याचा सीटी वाचायला शिकवल्याचा तिचा अहवाल २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला आणि पडताळणीसाठी ४९१ स्कॅन सर्वांना खुले करण्यात आले. हा संगणक प्रामुख्याने कवटीतील रक्त, कवटीचे तडे आणि सरकलेली मध्यरेषा शोधतो. रक्त सापडल्यावर ते काढणारा शल्यचिकित्सक मात्र चार तासांच्या अंतराच्या आत असावा लागतो, आणि ते काम कोणताही संगणक करणार नाही.

संगणक जे शोधतो त्या यादीत तुटलेले तंतू नाहीत. म्हणून डोक्याला मार लागल्यानंतर महिनोन्‌महिने विसराळूपणा, चिडचिड, डोकेदुखी किंवा झोपेच्या तक्रारी सांगणाऱ्या माणसाला केवळ ‘सीटी नॉर्मल’ या दोन शब्दांच्या आधारे खोटे ठरवणे, मग ते रुग्णालयात असो, विमा कार्यालयात असो वा घरात, या सव्वाशे वर्षांच्या इतिहासाच्या विरुद्ध आहे; अशा माणसाचे म्हणणे ऐकून घेऊन त्याची पुन्हा तपासणी व्हायला हवी.